ठमीची वाटी आणि धारच्या विहीणबाई

माझी विहीण जाऊन आज वर्ष झालं आणि मी अजून तिच्यावर जळते.

खोटं कशाला बोलू. चौथी शिकलेली बाई मी, फोनवर एका बोटाने लिहिते. एवढ्या कष्टाने खोटं कोण लिहील?

शालिनीताई धारच्या. माझ्या सुनेची, मेघनाची आई. शाळेत मोठ्या बाई होत्या. कडक इस्त्रीची साडी, मोजकं बोलणं.

मी देवासची. माझं बोलणं तुम्हाला दिसतंच आहे.

आमचं बिनसलं ते मांजरावरून.

आमची ठमी तेव्हा साडेसात किलोची होती. खिडकीत चढायचं म्हणून खाली बसून विचार करायची आणि मग तिथेच झोपायची. स्वतःची पाठसुद्धा चाटता येईना.

जनावरांचा डॉक्टर म्हणाला, "अम्माजी, ये बिल्ली है कि तकिया?"

मी हसले. तो नाही हसला. म्हणाला, शुगर होईल हिला. ड्राय फूडचे कोरडे दाणे हळूहळू कमी करा, पाऊचमधल्या ओल्या वेट फूडवर आणा. दोन वेळा, मापात. वीस मिनिटांनी वाटी उचला. पण उपाशी ठेवू नका, मांजराचं लिव्हर जातं.

वाटी उचला!

अहो, माझे आजेसासरे दरबारच्या मुदपाकखान्यात वाढपी होते. आमच्याकडे जेवणाऱ्याने हात धुतल्याशिवाय त्याच्यापुढचं पान उचलत नाहीत. आणि मांजर हात कधी धुतं? दिवसभर नुसतं चाटतं.

म्हणून ठमीची वाटी दिवसभर भरलेली. ड्राय फूडचा डबा मी खडखड वाजवला की कुठूनही यायची. घरात दुसऱ्या कुणाच्या हाकेला यायची नाही. फक्त माझ्या.

तेवढ्यात शालिनीताई आल्या. इंदूरला डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून पंधरा दिवस लेकीकडे. काळा चष्मा लावून उतरल्या, हातात मांडूच्या इमलीची पिशवी. नातवंडं जाऊन गळ्यात पडली.

मी सकाळी उठून पोहे केले होते, वर जिरावन मसाला, सेव. कुणी विचारलंसुद्धा नाही.

ठमीचं ऐकून म्हणाल्या, "मी बघते."

फ्रिजवर कागद लागला. आधी तीन भाग ड्राय, एक भाग वेट. मग अर्धं अर्धं. पाऊच कोमट पाण्यात धरायचं, म्हणजे वास सुटतो.

ठमीने वास घेतला आणि वाटीभोवती फरशी खरवडायला लागली, घाण पुरतात तशी. शालिनीताईंनी घड्याळ बघून वाटी उचलली.

ठमी अशी ओरडली! मला वाटलं, झालं, आता ही त्यांचं तोंड बघायची नाही.

कसलं काय. दुपारी त्यांच्या मांडीवर.

सहा वर्षं मी खाऊ घातलं. माझ्या मांडीवर फक्त थंडीत यायची.

मग मी एक केलं. ड्राय फूड शेंगदाण्याच्या कुटाच्या डब्यात लपवलं. शालिनीताई डोळ्यांत थेंब घालून पडल्या की ठमीला मूठभर. माझी ती माझीच राहावी, बस.

दहा दिवसांनी वजन केलं. दोनशे ग्रॅम वाढलेलं.

डॉक्टर त्यांना म्हणाला, "मॅडम, आपके नाप में गड़बड़ है."

येताना रिक्षात मेघना म्हणाली, "आई, एवढी शाळा चालवलीस आणि एक मांजर नाही जमलं?"

शालिनीताई बाहेर बघत म्हणाल्या, "चुकलं असेल माझं."

मी दुसऱ्या कडेला बसले होते. मनात लाडू फुटले. हो, फुटले.

घरी आल्यावर त्या स्वयंपाकघरात आल्या. कुटाचा डबा माझ्यापुढे ठेवला.

"विहीणबाई, कूट जरा कुरकुरीत झालंय."

मी डबा पदराआड ओढला.

"सांगा मेघनाला," मी म्हटलं.

"कशाला? उद्यापासून तुम्ही वाढा, मी उचलते. तिच्या शिव्या मला पडू देत."

मग मी वाढलं. पंगतीत करतात तसा आग्रह केला. "घे गं बाई, एक घास, माझी शपथ." बोटाला लावून धरलं. तिसऱ्या दिवशी तिने बोट चाटलं. पाचव्या दिवशी वाटी चाटूनपुसून लख्ख!

एवढी खूश मी लेकाच्या लग्नातही नव्हते.

शालिनीताई धारला गेल्या. वाटी उचलणं माझ्यावर आलं. पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून उचलली. संध्याकाळी त्यांचा फोन, "उचलली?"

"उचलली."

"ओरडली?"

"तुमच्या नावाने."

मग दोघी हसलो.

ठमी आता साडेपाच किलोची आहे. एका उडीत खिडकीत. मी टाळ्या वाजवते, शेजारीण म्हणते, "मावशी, सर्कस लगा ली क्या?"

आणि जो येतो तो म्हणतो, शालिनीताईंनी मांजर सुधारलं. बोटाला लावून चाटवलं मी, नाव त्यांचं!

पण आज लिहायला बसले ते त्यासाठी नाही.

त्या गेल्या तेव्हा तेराव्याला मेघना माझ्या खांद्यावर रडली. "एवढ्याशा मांजरावरून आईला रिक्षात टोचून बोलले हो."

मी तिची पाठ थोपटली. तेव्हाही खरं सांगितलं नाही.

मेघना, आज तू वर्षश्राद्धाला धारला आहेस. तिथेच वाच.

आईचं माप चुकलं नव्हतं. मूठ माझी होती. आईला ठाऊक होतं, आणि तिने तुलासुद्धा सांगितलं नाही.

परत आलीस की मला काय बोलायचं ते बोल. जेवून बोल पण.

शालिनीताई, तुमच्या जागी मी असते तर गावभर सांगितलं असतं. तुम्ही पोटात ठेवून गेलात. ठमीपेक्षा मला याचाच जास्त हेवा वाटतो.

विहीणबाई, उशिराच हात जोडते. नमस्कार घ्या.