शनिवारी दुकान बंद

शाहूपुरीत आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, मागं दोन खोल्यांत घर. पाटी बाबांच्या नावाची. पण मोटारीत नवी तार गुंडाळताना बोटं कापायची ती आईची. बाबा प्रार्थनेचं पुस्तक घेऊन बसत. नातेवाइकांत त्यांना फार मान.

शेजारची दुकानं सोमवारी सुट्टी घेत. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथलेच मराठी ज्यू, त्यामुळे आमचं शनिवारी बंद, शब्बाथ म्हणून; त्या दिवशी काम करायचं नाही. बाबा आत वाचत असत आणि दारात आलेल्याला आई परत पाठवी. एका उन्हाळ्यात कुरुंदवाडचा एक शेतकरी जळलेली मोटार टेम्पोत घालून आला.

"वहिनी, ऊस वाळाय लागलाय. आजच्या दिस उघडा की."

"उद्या दुपारी देते, पावणं. आज न्हाय."

तो बडबडत दुसरीकडं गेला, पुन्हा फिरकला नाही. रविवारी उजाडायच्या आत आई कामाला बसली होती.

दोन हजार सालानंतर बाबा गेले. वर्षाच्या प्रार्थनेला मुंबई-पुण्याचे नातेवाईक आले. कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात. नऊच जमले होते. दहाव्याची गाडी वाटेत अडकलेली. सगळे ताटकळले.

मी धाकट्या काकांना म्हणाले, "आई आहे की. मी आहे."

ते हसले. "बायका धरत नाहीत गं. तुझ्या आईनं दुकान सांभाळलं, चांगलंच केलं. पण धर्म सांभाळला तो माझ्या भावानं."

माझं डोकं तडकलं. तेवढ्यात दहावे गृहस्थ पोचले आणि प्रार्थना सुरू झाली. आई स्वयंपाकघराच्या दारात डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. कद्दीश तिला तोंडपाठ होती. ओठ हलताना मला दिसत होते.

जेवणं झाल्यावर मलिद्याचे, प्रार्थनेनंतर वाटायचे, गोड पोहे खाता खाता तेच काका तिला म्हणाले, "वहिनी, आता शनिवारी दुकान उघडा. भाऊ तर राहिला नाही. इथं कोण बघतंय?"

मी तोंड उघडणार, तर आईनं माझा हात दाबला.

"भावजी," ती शांतपणे म्हणाली, "त्यांच्यासाठी नव्हते मी बंद ठेवत."

काका पोह्यातलं खोबरं वेचत राहिले.

दुकान ती थकेपर्यंत शनिवारी बंदच राहिलं. काकांशी मी बोलणं टाकलं. आई मात्र दर सणाला त्यांना फोन करायची, तब्येत विचारायची, आणि मी शेजारच्या खोलीत धुमसत बसायची.