सगळं रबर काळंच

पनवेलच्या उरण नाक्यावर टायरवाला आणि रसवंती यांच्यामध्ये एक अरुंद दुकान होतं. पाटीवर मालकाचं नाव नव्हतं, नुसतं ‘पॅकिंग, गॅस्केट, ऑइल सील’ एवढंच. नावाची गरजही नव्हती. तळोज्याच्या कारखान्यातला फिटर असो, न्हावा शेव्याला कंटेनर नेणारा ड्रायव्हर असो की मासेमारी बोट चालवणारा उरणचा तांडेल, कुठे काही गळायला लागलं की तो म्हणायचा, “फारूकभाईंकडे जाऊन येतो.”

लोखंडाची दोन तोंडं कितीही घट्ट आवळली तरी मधून काही ना काही पाझरतंच. म्हणून मध्ये एक मऊ चकती घालायची. तेच गॅस्केट. ऐकायला किरकोळ गोष्ट आहे, पण चकती कशाची यावर सगळं अवलंबून असतं. गरम पाण्यात वर्षानुवर्षं टिकणारं रबर डिझेलमध्ये दिवसभरात फुगतं. डिझेलला दाद न देणारं रबर उन्हात तडकतं. म्हणून फारूकभाई गिऱ्हाइकाला माप नंतर विचारत. “आत काय वाहतंय?” हा पहिला प्रश्न. “किती तापतंय?” हा दुसरा. एवढं विचारूनही लोक “तुम्हीच बघा ना भाई, चांगलं द्या” असंच म्हणत.

हे ज्ञान त्यांनी कुवेतहून आणलं होतं. तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात ते हेल्पर म्हणून गेले आणि फिटर होऊन परतले. तिथे प्रत्येक शीटवर छाप असायचा, वाचायचं आणि कापायचं. इथे पनवेलला माल यायचा तो बंद पडलेल्या कारखान्यांतला, कुणाच्या गोदामातला उरलासुरला. छाप पुसलेला, कडा कापलेल्या. रबर पाहावं तर सगळंच काळं. त्यामुळे त्यांनी जुन्या कारागिरांची रीत धरली. कोपऱ्याची एक चिंधी कापायची, चिमट्यात धरून पेटवायची, ज्योत बघायची आणि विझवून धूर हुंगायचा. डिझेलला चालणाऱ्या नायट्रिलचा वास उग्र, घशाशी येणारा. पाण्याला चालणाऱ्या ईपीडीएमचा वास मेणासारखा. फारूकभाई डोळे मिटून हुंगत, एकदा मान हलवत, आणि गिऱ्हाईक निर्धास्त होई. तळोज्याचे साहेब लोकसुद्धा हा सोहळा बघायला मुद्दाम थांबत.

गेल्या होळीच्या सुमारास फारूकभाईंना एक सर्दी झाली. ती गेली आणि जाताना वास घेऊन गेली. निदान त्यांना तसं वाटत होतं. खरं म्हणजे त्याच्याही आधी कधीतरी ते वास विरत चालले असावेत. जन्मभर रबराचा धूर छातीत भरून घेतलेला माणूस, त्याला काय कळणार कधी काय कमी झालं ते! त्यांनी कुणाला सांगितलं नाही, बायकोला, कुलसुमलाही नाही. दुकानात मात्र त्यांनी एक युक्ती काढली. गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगायचं आणि चिंधी डिझेलच्या बाटलीत टाकून ठेवायची. फुगली तर पाण्याचं रबर, नाही फुगली तर डिझेलचं. खात्रीचं काम होतं, फक्त वेळ लागायचा. आणि समोर गिऱ्हाईक उभं असेल तर चिंधी पेटवून, डोळे मिटून मान हलवायची. लोक त्यासाठीच तर येत.

या रोजच्या सोंगाने ते थकले होते. संध्याकाळी शटर ओढताना खांदे दुखत, ते काही शटरच्या वजनाने नाही.

त्या दिवशी सकाळी करंज्याचा दयाराम आला. स्वतःच्या बोटीचा तांडेल, जुनं गिऱ्हाईक.

“फारूकभाय, डिझेल फिल्टरच्या झाकनाखाली लावायचाय. रबरच द्या. कॉर्क नको, दर खेपेला खोलायला लागतं, तुटतंय.”

“उद्या ये.”

“उद्या? आज दुपारच्या भरतीला बोट सोडायचीय! बर्फ भरून झाला. उद्या काय मासं तुमच्या दुकानात येनार हायत?”

त्या जाडीचं छापवालं रबर संपलं होतं. मांडणीवर एकच तुकडा होता, बिनछापाचा. नायट्रिल डावीकडे ठेवायची त्यांची पद्धत, आणि हा तुकडा डावीकडेच होता. फारूकभाईंनी चिंधी कापली, पेटवली. ज्योत पिवळी, काजळी भरपूर. दोन्ही रबरं अशीच जळतात. त्यांनी डोळे मिटले, धूर ओढला. काहीच आलं नाही. नुसती ऊब.

त्यांनी मान हलवली.

“झालं!” दयाराम म्हणाला. “आता इंजिनाची चिंता नाय.”

दुपारी कुलसुम डबा घेऊन आली. आत पाऊल टाकताच तिने नाक मुरडलं.

“लाइट गेली होती का?”

“नाही. का?”

“मग मेणबत्ती कशाला जाळलीत?”

फारूकभाईंचा डब्याकडे गेलेला हात तिथेच थांबला. त्यांनी सकाळी पत्र्याच्या जुन्या झाकणात टाकलेली अर्धी जळकी चिंधी उचलली, पुन्हा पेटवली, फुंकर मारून विझवली आणि बायकोच्या तोंडासमोर धरली.

“या अल्ला, नाकात कोंबताय काय?” ती मागे सरली. “हाच तो वास. मेणबत्ती विझवल्यावर येतो ना, तसा.”

“नक्की?”

“मला काय विचारता? तुम्हाला येत नाही?”

ते स्टुलावर बसले. पाण्याचं रबर डिझेलमध्ये गेलं होतं. किनाऱ्याजवळ काही होणार नाही. इंजिन तापेल, डिझेल झिरपत राहील, रबर फुगून झाकणाखालून बाहेर सरकेल. फिल्टर हवा ओढायला लागेल आणि इंजिन बंद पडेल, ते खोल समुद्रात. नाहीतर गळणारं डिझेल गरम पाइपावर पडेल. पुढचा विचार त्यांनी केला नाही.

दयारामचा मोबाइल लागत नव्हता. फारूकभाईंनी कॉर्कची शीट गुंडाळली, भोकं पाडायचा पंच आणि हातोडी पिशवीत टाकली.

“जेवण?” कुलसुम म्हणाली.

“येऊन.”

“कुठून येऊन?”

“करंज्याहून. तू बस दुकानात. कुणी आलं तर काही देऊ नकोस.”

एसटी मिळाली, पण जासईच्या अलीकडेच कंटेनरच्या रांगेत अडकली. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, मध्ये लाल डबा. कंडक्टर खाली उतरून तंबाखू मळत उभा राहिला. फारूकभाई पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. गुडघे समोरच्या सीटला टेकले होते, पोटात काही नव्हतं. परत जावं असं त्यांना वाटलंच नाही असं नाही. दयारामने अजून गॅस्केट बसवलं नसेल. भरती चुकली असेल. कदाचित तो तुकडा नायट्रिलच असेल, कुलसुमला काय कळतं रबरातलं! पण तिने मेणबत्ती म्हटलं होतं. तिला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून तर ते खरं होतं.

उरणहून रिक्षा करून ते करंज्याच्या धक्क्यावर उतरले तेव्हा दयारामची बोट दोरावरच होती. पाणी चढत होतं. खलाशी जाळी आवरत होते आणि दयारामची बायको गंगाबाई धक्क्यावर टोपल्या धूत होती.

“अरे, भाय!” दयाराम बोटीतून ओरडला. “बोटीवर कामाला आलाव की काय?”

“ते रबर काढ.”

“काय?”

“सकाळचं गॅस्केट. चुकीचं गेलं. ते पाण्याचं आहे, डिझेलचं नाही. काढ, मी दुसरं कापून देतो.”

दयारामचा चेहरा बदलला. त्याने धक्क्यावर उडी मारली. “माज्यासमोर वास घेतला ना तुमी? डोले मिटून?”

“घाईत झालं.”

“घाईत? भाय, ह्या बोटीवर माजा पोरगा हाय. मेव्हना हाय. घाईत झालं म्हंजे काय?”

फारूकभाई खाली बसून कॉर्क उलगडू लागले. उत्तर टाळायला हाताला काम बरं. गंगाबाई मध्ये पडली.

“जाऊ द्या वो, आले ना ते हितपर्यंत. भाय, जरा हिकडं सरकून बसा. तुमच्या मागं कालचा कुटा सडलाय, आमाला पन उभं राहवत नाय तिथं.”

फारूकभाईंनी मागे पाहिलं. खतासाठी टाकलेल्या मासळीचा ढीग त्यांच्या पाठीशी, अगदी हाताच्या अंतरावर होता. माश्या घोंघावत होत्या. ते तिथे खुशाल बसले होते.

दयाराम त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्या ढिगाकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे.

“भाय,” तो हळू आवाजात म्हणाला, “तुमाला वास येत नाय?”

येतो म्हणणं सोपं होतं. सर्दी झालीय म्हणणं त्याहून सोपं. पण फारूकभाईंना आता एक शब्दही रचून बोलायचा कंटाळा आला होता.

“नाही येत,” ते म्हणाले. “बरेच महिने झाले.”

“आनि दुकान चालवताव?”

“बाटलीत टाकून बघतो. आज तुला घाई होती, मी मान हलवली. माझी चूक.”

दयाराम बोटीत उतरला, फिल्टरचे बोल्ट सैल केले आणि झाकण उचललं. झाकण आणि गॅस्केट वर घेऊन आला तेव्हा गॅस्केटची कड फुगून मऊ झाली होती. सकाळी कापलेलं भोक आता बोल्टाला बसत नव्हतं. त्याने ते फारूकभाईंच्या पुढ्यात टाकलं.

“इंजिन नुसतं तपासायला चालवलं होतं. तेवढ्यात हे.”

फारूकभाईंनी झाकणाच्या मापावर कॉर्क ठेवला आणि भोकं पाडली. हात मात्र अजून शाबूत होते. “हे डोळ्यांनी ओळखू येतं,” ते म्हणाले. “दाणा दिसतो बघ. एका खेपेत तुटेल, म्हणून तीन कापून देतो. आल्यावर छापवालं रबर घेऊन जा. छाप तू स्वतः वाच.”

“मला कुटं वाचता येतंय!” दयाराम म्हणाला आणि त्याला हसू आलं, पण ते रागातूनच आलेलं. “तुमाला शिव्या द्याव्या की च्या पाजावा, कलत नाय.”

“शिव्या दे. चहाला वेळ नाही तुझ्याकडे.”

झाकण बसलं. इंजिन सुरू झालं. दयारामने झाकणाखाली बोट फिरवून पाहिलं, कोरडं होतं. त्याने दोर सोडायला सांगितला. बोट वळली, तेव्हा त्याने हात केला नाही. फक्त मोठ्याने ओरडून शेजारच्या बोटीवरच्या मिथुनला काहीतरी सांगितलं. इंजिनाच्या आवाजात फारूकभाईंना शब्द कळले नाहीत. पण मिथुनने ज्या तऱ्हेने त्यांच्याकडे पाहिलं, त्यावरून कळायचं ते कळलं.

आता हे धक्काभर होणार. उद्या नाक्यावर. परवा तळोज्याला. फारूकभाईंनी हातोडी पिशवीत टाकली. परतीचा रस्ता, ते कंटेनर, शटर, आणि उपाशीपोटी थांबलेली कुलसुम हे सगळं त्यांना एकदम आठवलं. ते उठू लागले.

“भाय,” मिथुन बोटीच्या काठावर आला होता. तरुण तांडेल, मागच्या वर्षी स्वतःची बोट घेतलेला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, त्यामुळे ऐकायला जास्त जड गेलं. “आमच्या मशीनचं रबर पन तुमीच दिलं होतं. ते कसं हाय?”

“कधी नेलं होतंस?”

“दिवालीनंतर. लावलं मातर आज सकाली.”

फारूकभाई आठवू लागले. दिवाळीत त्यांना वास येत होता का? शेजारी फराळ तळला होता, तो आठवत होता, पण डोळ्यांनी. त्या दिवशी धूर ओढून मान हलवली होती, तेव्हा खरंच काही आलं होतं की नुसती ऊब? कितीही ताणलं तरी त्यांना ठरवता येईना.

“डिझेल आहे ना? थोडं एका डब्यात काढ,” ते म्हणाले आणि चपला काढून बोटीत उतरायला पुढे झाले. “आणि ते गॅस्केट खोल.”