पाळक ठेवायचा की नाही

कॅनडात आल्यावर पहिली नोकरी लागली, ती मला आईला नीट समजावून सांगता आली नाही. मी चर्चचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, झालो एवढं तिला कळलं, आणि आमच्या चाळीत तिने पेढेही वाटले. ही चाळ मिशनच्या आवारात होती. वडील चर्चची घंटा वाजवायचे आणि बाग सांभाळायचे, आई वसतिगृहात स्वयंपाक करायची. त्या घरातून पहिला पदवीधर मी. मिशनच्या शाळेने शिकवलं, वसतिगृहाने जेवू घातलं, पुढे इथल्या धर्मशास्त्राच्या कॉलेजने बोलावून घेतलं. या सगळ्यांचे उपकार मोठे आहेत. आता आपण पाळकसाहेब होणार आणि चांगला उपदेश करून ते थोडेफार फेडणार, असं मी धरून चाललो होतो.

मला बोलावणारी मंडळी निघाली क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाची. कॅल्गरीपासून बरंच पूर्वेला, गव्हाच्या आणि कॅनोलाच्या शेतांमध्ये एक छोटं गाव आहे. धान्याचं उंच कोठार, एक पेट्रोल पंप, एक ग्रोसरीचं दुकान आणि क्वेकरांचं पांढरं लाकडी उपासनागृह. त्यावर क्रूस नाही, आत वेदी नाही. बाकं समोरासमोर मांडलेली. लोक येतात आणि डोळे मिटून बसतात. ज्याला आतून काही सांगावंसं वाटतं तो उठतो, दोन वाक्यं बोलतो, बसतो. बहुतेक क्वेकरांना पाळक लागतच नाही. आमच्या मंडळीत मात्र पूर्वी कधीतरी ठेवायला सुरुवात झाली होती. शांततेच्या मधोमध पाळकाने थोडं बोलायचं, आजाऱ्यांना भेटायचं आणि हिवाळ्यात उपासनागृह लवकर उघडून ठेवायचं, एवढं काम.

आईने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "घंटा कोण वाजवतं?"

"घंटा नाही गं इथे."

"मग लोकांना कळतं कसं?"

"वेळ झाली की येतात."

"प्रभुभोजन?"

"नाही."

"बाप्तिस्मा तरी असेल."

"तोही नाही. तो आतून झाला पाहिजे म्हणतात."

"म्हणजे पाणी लागत नाही?"

"नाही."

"मग तू तिथं करतोस काय?" आईने विचारलं.

"गप्प बसतो."

"लहानपणी जीव तोडून सांगितलं तरी बसायचा नाहीस. आणि आता त्यासाठी एवढं शिकलास?"

पहिल्या रविवारी मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे भरघोस उपदेश केला. तीन मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला शास्त्रातला आधार, शेवटी आवाज चढवून आवाहन. नंतर दाराशी सभा चालवणाऱ्या बाई भेटल्या. त्या निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर. माझा हात हातात घेऊन त्या मनापासून म्हणाल्या, "तुझ्या शब्दांबद्दल आभार. भरपूर होते."

हळूहळू मी शब्द कमी केले. ते जमलं. शांतता मात्र जमेना, आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

बाकीचे डोळे मिटून बसले की त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उतरताना मला दिसायचं. मी डोळे मिटले की माझ्यासमोर वसतिगृहातलं जर्मनचं मोठं पातेलं यायचं, त्यातली पातळ आमटी, वाढणारी आई. मग ज्वारीचं शेत यायचं, वाऱ्याने एका बाजूला झुकलेलं. त्या शेतावर बर्फ पडायला लागायचा. कणसांवर बर्फ साचतोय आणि वडील खुरपं घेऊन बांधावर उभे आहेत, या बर्फाचं काय करायचं ते त्यांना कळत नाहीये. मध्येच आठवायचं, गाडीला विंटर टायर अजून लावलेले नाहीत. हीटर सुरू व्हायचा, बंद व्हायचा. तास संपायचा. देव काही बोलला नाही, असं म्हणण्याइतकंही मी ऐकलेलं नसायचं. आणि तरी दर रविवारी मी त्या शांततेच्या मधोमध उभा राहून देवाबद्दल बोलायचो. हे प्रामाणिक आहे का, हा प्रश्न मला आतून कुरतडत होता. मंडळीने मला विश्वासाने आणलं होतं. ज्याला काही ऐकू येत नाही, त्याने सांगायचं काय?

बायकोला मात्र अंदाज आला होता. ती जालन्याची. इथल्या वृद्धाश्रमात काम करते. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्ही उपासनेत डोळे मिटता तेव्हा कपाळाला आठ्या असतात. बाकीचे देवाची वाट बघतात, तुम्ही एसटीची वाट बघत असल्यासारखे दिसता."

मंडळीत एक म्हातारे शेतकरी होते. मनातल्या मनात मी त्यांना आजोबा म्हणायचो. त्यांचा पाळक ठेवण्याला विरोध होता. माझ्याबद्दल तक्रार नव्हती, मुळात पाळक हा प्रकारच त्यांना मान्य नव्हता. देव सगळ्यांशी बोलतो, मग एकाला बोलायला नेमायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं.

आता हे सांगायला हवं की क्वेकर मत देत नाहीत. हात वर करणं नाही, बहुमत नाही. विषय मांडायचा आणि सगळ्यांचं मन एका जागी येईपर्यंत शांत बसायचं. एकाचंही मन घेत नसेल तर निर्णय थांबतो. फार तर तो माणूस म्हणू शकतो, "मला पटत नाही, पण मी आड येत नाही." पाळक ठेवायचा की नाही, हा विषय दर हिवाळ्याच्या तोंडाशी सभेत यायचा, आणि आजोबा दर वर्षी उठून नेमकं हेच म्हणायचे. मग घरी जायचे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फ पडलेला असला तर आमच्या दारातला बर्फ शोव्हलने, म्हणजे बर्फाच्या फावड्याने, काढून ठेवायचे.

मी एकदा म्हणालो, "तुम्हाला माझी नेमणूक मान्य नाही, मग हे कशाला?"

"मान्य नाही म्हणून तू घसरून पडावंस असं कुठे आहे?" ते म्हणाले. "आणि तुला शोव्हल धरता येत नाही. बघवत नाही मला."

एका वर्षी मार्चमध्ये त्यांची पत्नी वारली. शेवटचे काही दिवस ती माझी बायको काम करते त्याच वृद्धाश्रमात होती. मी रोज दुपारी जाऊन बसायचो. जाताना वाटायचं, आज काहीतरी बोलू, एखादं स्तोत्र वाचू. पण तिथे पोचलं की इंग्रजी शब्द जिभेवर यायचे नाहीत, आणि मराठी शब्दांचा तिला काय उपयोग, असं वाटायचं. आजोबा एका बाजूला बसायचे, मी दुसऱ्या. खिडकीतून पार्किंगमध्ये कुणीतरी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना दिसायचं. तो आवाज आत यायचा नाही, नुसता हात हलताना दिसायचा. ऊन फार पांढरं होतं. तिचा हात चादरीवर होता, माझ्या आईच्या हातासारखाच, बोटांची पेरं जाड झालेली. मी त्या हाताकडे बघत बसायचो. प्रार्थनाही नीट झाली नाही माझ्याकडून. ती गेली तेव्हाही मी तिथेच होतो आणि काही बोललो नाही. पाळक म्हणून हे माझं सगळ्यात वाईट काम झालं, असं समजून मी घरी आलो.

नोव्हेंबरमध्ये सभा भरली. बाहेर भुरभुर बर्फ होता. बाईंनी विषय मांडला: पाळक पुढच्या वर्षीही ठेवायचा का. सगळे शांत बसले. मग सवयीने सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं.

आजोबा उठले. टोपी हातात फिरवत राहिले. म्हणाले, "मार्चमध्ये हा माणूस आमच्याजवळ येऊन बसत होता. एक शब्द बोलला नाही. मी आयुष्यभर पाळक पाहिले, सगळे बोलणारे. असा असेल तर मला पटतं."

एवढं बोलून ते बसले. बाक करकरलं. कुणीतरी नाक पुसलं. बाईंचा चेहरा इतका उजळला की आता त्या निर्णय वाचून दाखवणार हे दिसत होतं. मंडळीच्या इतिहासात बहुधा पहिल्यांदा या विषयावर सगळ्यांचं मन एक झालं होतं.

आणि मला ते सहन होईना. ज्या गोष्टीची मला लाज वाटत होती, तिच्याबद्दल माझं कौतुक चाललं होतं. मी उभा राहिलो.

"माझं मन घेत नाही," मी म्हणालो.

बाईंनी चष्मा काढला. "कशाला?"

"मला ठेवायला. मी तेव्हा बोललो नाही, कारण माझ्याकडे काही नव्हतं. इथेही मला काही ऐकू येत नाही. दर रविवारी तुम्ही सगळे ऐकता आणि मला टायर आठवतात. अशा माणसाने पाळक असावं का, मला माहीत नाही."

आजोबा माझ्याकडे वळले. "इतकी वर्षं मी एकटा विरोध केला," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा हो म्हणालो. आणि तू?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसू दाबलं. बाईही हसल्या, पण निर्णय त्यांनी थांबवला. नियमच तसा होता. एकाचं मन घेत नव्हतं, आणि तो एक मी होतो.

घरी येताना बायको गाडी चालवत होती. गावाबाहेर पडल्यावर तिने वेग वाढवला. मग म्हणाली, "सगळे एकमताने ठेवायला निघाले, आणि तुम्ही स्वतःच आडवे आलात. भारतात कुणाला सांगितलं तर पटायचं नाही."

"चुकलं का माझं?"

"खरं बोललात. आता पुढे काय ते बघा. मला शिफ्ट आहे उद्या."

अशा अडचणीत क्वेकरांची एक रीत आहे. ज्याचं मन अडलंय त्याच्याजवळ दोन-तीन जण येऊन बसतात. सल्ला द्यायचा नाही, समजूत घालायची नाही, फक्त प्रश्न विचारायचे. खरे प्रश्न, उत्तर आधीच ठरवलेलं नसलेले. तर एका दुपारी बाई आणि आजोबा आमच्या स्वयंपाकघरात आले. बायकोने आल्याचा चहा केला. आजोबांनी पहिला घोट घेतला, डोळे मोठे केले आणि दुसरा घेतला.

बाईंनी विचारलं, "ऐकू येतं म्हणजे काय व्हावं, अशी तुझी अपेक्षा आहे?"

मी विचार केला. लहानपणी घंटा वाजली की आवारातली सगळी माणसं हातातलं काम टाकून उठायची. तसं काहीतरी. मी तसं सांगितलं.

बाईंनी मान हलवली. बाहेर ऊन कलत होतं आणि बर्फाचा रंग निळसर व्हायला लागला होता. कुणालाही घाई नव्हती. बऱ्याच वेळाने आजोबांनी कप खाली ठेवला.

"तू तिच्याजवळ बसला होतास," ते म्हणाले. "तेव्हा तुला उठून जावंसं वाटलं का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबलो. कधीच वाटलं नव्हतं. मला लाज वाटत होती, शब्द सापडत नव्हते, पण त्या खुर्चीवरून उठावं असं एकाही दुपारी मनात आलं नव्हतं. उलट घड्याळ बघून बायको आठवण करून द्यायची, तेव्हा उठायचो.

"नाही," मी म्हणालो.

आजोबांनी आणखी काही विचारलं नाही. त्यांनी कप बायकोपुढे केला. तिने त्यात चहा ओतला. मग ते हळूच म्हणाले, "हे सांगणं नियमात बसत नाही, पण सांगतो. साठ वर्षं बसतोय. मला ऐकू आलं असेल दोनदा. त्यातलं एक बहुधा गारपिटीबद्दल होतं."

"खरं ठरलं का?" बायकोने विचारलं.

"शेजारच्या शेतात."

पुढच्या रविवारी मी उपदेश तयार केला नाही. तयार करायला बसलो होतो, पण काही सुचलं नाही आणि ओढून आणावंसं वाटलं नाही. वेळ आली तेव्हा उभा राहिलो आणि म्हणालो, "आज माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही." मग नेहमीच्या खुर्चीऐवजी बाकावर बायकोशेजारी जाऊन बसलो. कुणी वळून पाहिलं नाही.

पुन्हा पातेलं आलं, शेत आलं. बर्फात उभे असलेले वडील आले. या वेळी मी त्यांना हाकललं नाही. ते बांधावर टेकले, मीही टेकलो. समोर पांढरं रान पसरत गेलं, त्याला कुठे कड दिसेना. कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं. खिडकीतला उन्हाचा तुकडा जमिनीवरून सरकत आजोबांच्या बुटांपर्यंत आला आणि तिथे थांबल्यासारखा झाला. मी कशाचीच वाट बघत नाहीये, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

तेवढ्यात बाई उठल्या. उपासनेत त्या सहसा बोलत नसत. म्हणाल्या, "मी बस चालवायचे. सकाळी मुलं शाळेत उतरली की रिकामी बस परत आणायची. तेव्हा मला रस्ता नीट दिसायचा." आणि बसल्या.

तासाच्या शेवटी कुणीतरी शेजाऱ्याचा हात हातात घेतो, मग सगळे एकमेकांचे हात घेतात, आणि उपासना संपते. बायकोने माझा हात घेतला. तिचा हात गार होता. उपासनेनंतरच्या चहापूर्वी बाईंनी तो राहिलेला विषय परत काढला. पुढच्या वर्षी पाळक ठेवायचा का? सगळे आपापल्या जागी बसून राहिले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"एखाद्या रविवारी आजच्यासारखंच झालं तर?" मी विचारलं.

"तर तसं सांग आणि बस," त्या म्हणाल्या.

"मग माझी अडचण नाही."

त्यांनी निर्णय वाचला. बाकांवरून एकेक आवाज आला, "मंजूर." आजोबांचा सगळ्यात शेवटी, घसा खाकरून.

पुढच्या रविवारी माझ्याकडे थोडं सांगायला होतं. ते सांगितलं आणि बसलो.