लिफाफ्यातली चूक

शुगर लँड या अमेरिकी शहरात नवीन होतो तेव्हा मी दर रविवारी लाँड्रोमॅटमध्ये कपडे धुवायला जायचो. तिथल्या टीव्हीवर युद्धाची मालिका लागायची आणि एक टक्कल पडलेले गृहस्थ तिच्यातल्या चुका काढत बसायचे. बूट नंतरच्या काळातले, ट्रक भलताच, मेलेल्या सैनिकाचा भांग शाबूत. स्वतः ते सैन्यात कधीच नव्हते.

एकदा मालिकेतल्या आईला मुलगा गेल्याची तार आली, आणि चादरींच्या घड्या घालणारी एक बाई रडू लागली.

"रडू नका, मॅडम," ते समजावत म्हणाले. "तारेचा लिफाफाच चुकीचा आहे."

"आमच्याकडे तार नव्हती आली," ती म्हणाली. "दोन अधिकारी दाराशी आले होते."

"तेच म्हणतोय मी. सगळं चुकीचं दाखवतात."

एवढं बोलून त्यांनी टीव्ही बंद केला आणि तिच्या चादरीचं दुसरं टोक धरलं.