डोळे उघडे ठेवून

काकांनी उभ्या गावाच्या दाढ्या केल्या, पण स्वतःची कधी केली नव्हती. ती बाबा करायचे, आणि बाबांची काका. दोघा भावांचं मिळून एक दुकान होतं, दोन खुर्च्यांचं. सकाळी फळ्या उघडण्याआधी, आतल्या अर्ध्या उजेडात, एक भाऊ खुर्चीत बसायचा आणि दुसरा वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर ओढायचा. तो सपसप आवाज माझ्या लहानपणाच्या तळाशी अजून चालू आहे. आदल्या दिवशी भांडण झालेलं असलं तर दोघे बोलत नसत, पण गळा मुकाट्यानं पुढे केला जाई.

बाबा गेले आणि काकांची दाढी वाढू लागली. आधी लोकांना ते दुःख वाटलं, मग थट्टा सुरू झाली. खुर्चीत टेकता टेकता पोस्टमन म्हणाला, "काय हो, तुम्ही माझी करताय, की मी तुमची करू?"

सगळे हसले. काकाही हसले. पण पोस्टमन पुढे समोरच्या नव्या दुकानात जाऊ लागला, आणि त्याच्यामागून आणखी दोघंचौघं.

"त्या समोरच्याकडून एकदा करून घ्या ना," काकू म्हणाली.

"दादाशिवाय कुणाच्या हातात गळा दिला नाही मी."

"मग बाजारातलं साधं रेझर आणा."

"वस्तरेवाल्याच्या घरात ते खेळणं? शोभतं का?"

"आणि तोंडावरचं हे जंगल शोभतं होय?"

असे काका उतारवयात शिकाऊ झाले. जन्मभर ते दुसऱ्याच्या खुर्चीशी उभे राहिलेले. आता आरशात हात उलटा जाई. गाल ताणायला डावा हात डोक्यावरून आणावा लागे, आणि तो कुणा परक्याचा असल्यासारखा चाचपडे. सवयीनं ते स्वतःलाच म्हणत, "मान जरा वर घ्या." पहिल्याच दिवशी कानाची पाळी कापली.

तुरटीचा खडा पुढे करत काकू म्हणाली, "गिऱ्हाईक असतं तर पळून गेलं असतं."

"हे कुठं पळणार? माझंच आहे."

हळूहळू गाल जमले. गळा जमेना. पातं हनुवटीखाली आलं की काकांचे डोळे मिटत. इतकी वर्षं त्या थंड स्पर्शाखाली ते निवांत डोळे मिटून बसले होते, कधी डुलकीही काढली होती. आता वस्तरा स्वतःच्याच हातात आहे, हे त्यांच्या डोळ्यांना पटतच नव्हतं. ते बाबांवर विसंबून मिटायचे. आणि फेसात लाल रेघ उमटायची.

शेवटी त्यांनी मला समोर बसवलं. "डोळे मिटले की ओरडायचं. लाजायचं नाही."

"काका, डोळे!"

"हां."

"काका!"

"अगं, उघडेच आहेत."

"नाहीत."

एकदा मी ओरडले नाही. ओरडावंच लागलं नाही. काका टक लावून आरशात बघत होते. पातं गळ्यावरून सावकाश वर चढत होतं, त्याच्यामागे फेस सरत होता आणि खालून कातडी उघडी पडत होती, फिकट, कितीतरी दिवस उजेड न पाहिलेली. डोळ्यांत पाणी साचलं, पण पापणी लवली नाही. दाराशी काकू पदर मुठीत धरून उभी होती.

काकांनी वस्तरा पुसून मिटला. बराच वेळ ते आरशातल्या त्या माणसाकडे बघत राहिले.

"म्हणजे जमतं तर," ते म्हणाले. आवाजात आनंद नव्हता. "दादा नसला तरी जमतं."



मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "बघ गं, कुठं राहिलंय का?"

जबड्याच्या वळणाखाली चार पांढरे केस राहून गेले होते. मी बोट लावून दाखवले.

काकांनी तिथे हात फिरवला. वस्तऱ्याकडे एकदा पाहिलं.

"राहू दे तेवढं," ते म्हणाले, आणि फळ्या उघडायला गेले.