अवनीच्या दोन गोळ्या

सांगलीत अवनीला सांगून येणारी स्थळं गल्लीच्या तोंडाशीच परत फिरायची. अकरावीत असताना क्लासमध्ये, भर वर्गात तिला फिट आली होती. त्यानंतर डॉक्टर झाले, गोळ्या लागू पडल्या, कित्येक वर्षं काही झालं नाही, ती एम.कॉम.सुद्धा झाली, पण गल्लीच्या लेखी ती 'फिट येणारी'च राहिली. शेवटी वडिलांनी म्हैसूरचं स्थळ काढलं. नजरबादमधलं, चार पिढ्या तिकडेच रुजलेलं मराठी घर. मुलगा प्रणेश सरकारी कचेरीत. त्यांना सून मराठी बोलणारी हवी होती, कारण तिकडच्या मराठी मुली आता घरातही कन्नडच बोलायच्या.

"लांब आहे तेच बरं," वडील म्हणाले. "गोळी चुकवू नकोस आणि कुणाला सांगू नकोस. बाकी माणसं चांगली आहेत."

माणसं खरंच चांगली होती. सासूबाई, तुंगाबाई, तिला कधी टाकून बोलल्या नाहीत. फक्त तिचं मराठी ऐकून हसायच्या.

"अगे, किती शुद्ध बोलतीस! घरात रेडिओ लावल्यासारखं होतं बघ मला."

मग त्या शेजारणीशी कन्नडमध्ये गप्पा मारायच्या आणि अवनी शेजारी बसून, सगळे हसले की हसायची. दुपारी त्या झोपल्या की घरात फक्त फ्रिजचा आवाज. सांगलीला फोन केला तर आई आधी आवाज खाली आणून विचारायची, "घेतेस ना वेळेवर?" दुसरं काही विचारायच्या आत कुणीतरी दार वाजवायचं.

गोळ्या आईच पाठवायची. नजरबादमधल्या प्रत्येक केमिस्टला प्रणेश नावानिशी ओळखत होता, त्यामुळे इथे घेणं शक्यच नव्हतं. पार्सलात भडंग, मेतकूट आणि मेतकुटाच्या डब्यात तळाशी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या पट्ट्या. अंघोळीला जाताना अवनी एक गोळी तोंडात टाकायची आणि नळाच्या पाण्याबरोबर गिळायची.

दुसरी गोळी प्रणेशनेच आणली होती. त्याची खात्यातली परीक्षा व्हायची होती, तोवर मूल नको, असं दोघांचं ठरलं होतं. तुंगाबाईंना अर्थातच हे सांगायचं नव्हतं. जेवण झालं की त्याच्या फोनचा गजर हळूच वाजायचा, तो भुवई उडवायचा, अवनी खोलीत जाऊन गोळी घेऊन यायची. तुंगाबाई म्हणायच्या, "काय रे, जेवण होतंय न होतंय तर बायकोला डोळे मारतोस?" या गोळीत गंमत होती. ती दोघांची होती. मेतकुटाच्या डब्यातली एकटीची.

ही गोळी लिहून घ्यायला गेले होते तेव्हा डॉक्टर वर्षिणीबाईंनी विचारलं होतं, "आणखी काही औषधं चालू आहेत?" अवनीने तोंड उघडायच्या आत प्रणेशच म्हणाला, "छे, हिला साधी सर्दीसुद्धा होत नाही!" आणि अवनी हसली होती. एवढंच. खोटं असं ती काही बोललीच नव्हती.

एकही गोळी चुकली नाही आणि तरी पाळी चुकली.

वर्षिणीबाईंच्या टेबलावर तपासणीचा कागद होता. प्रणेश खुर्चीच्या टोकावर बसला होता. घाबरलाही होता आणि आतून खूशही झाला होता. "डॉक्टर, मी वाचलं फोनवर. मागच्या महिन्यात दाढ दुखली म्हणून हिने अँटिबायोटिक घेतलं. त्यानेच या गोळ्या वाया जातात, अल्वा? म्हणजे, तसंच ना?"

अवनीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने किती सहज तिला वाट करून दिली होती! फक्त मान हलवायची. दाढेवर सगळं जाणार होतं.

"दाढेचं कुठलं?" वर्षिणीबाईंनी नाव विचारलं, ऐकलं आणि नाही अशी मान हलवली. "सगळे असंच समजतात. उलट्या-जुलाब झाले असते तर गोष्ट वेगळी. ही नेहमीची अँटिबायोटिकं गोळीला काही करत नाहीत. टीबीचं औषध करतं. फिटची काही औषधं करतात. ती घेतली की शरीर ही गोळी फार लवकर संपवून टाकतं, परिणाम उरतच नाही. तसं तर काही नाही ना?"

"नाही नाही," प्रणेश म्हणाला.

"त्यांना विचारतेय मी," वर्षिणीबाई म्हणाल्या. "कारण असं काही असेल तर बाळासाठीही आत्ताच कळायला हवं. नंतर कळून उपयोग नसतो."

बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं. अवनीला वडिलांचा आवाज आठवला, आणि पहिल्यांदाच वाटलं की तो आवाज फार लांबून येतो आहे.

"मी घेते," ती म्हणाली. "फिटची गोळी. अकरावीपासून."

प्रणेश हसला. "अगं, ती दाढेची..." आणि मग त्याने डॉक्टरांकडे पाहिलं.

पुढचं सगळं वर्षिणीबाईच बोलल्या. फिटची गोळी आपल्या मनाने अजिबात बंद करायची नाही, त्यात जास्त धोका. मेंदूच्या डॉक्टरांना लगेच दाखवायचं, ते औषधाचं बघतील. फॉलिक ॲसिड आजपासून. अशा बहुतेक बायकांची बाळं चांगली होतात, नीट लक्ष ठेवावं लागतं एवढंच. "आणि फिट आली तर काय करायचं ते घरात कुणाला तरी ठाऊक पाहिजे," त्या प्रणेशकडे बघून म्हणाल्या. तो टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होता.

स्कूटरपाशी आल्यावर त्याने हेल्मेट हातातच धरलं.

"मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर लग्न केलं असतंस?"

त्याने खिशातली किल्ली चाचपली. "ठाऊक नाही," म्हणाला. खरं बोलला, याचं अवनीला बरं वाटलं आणि वाईटही.

घरी त्याने आईला अर्धीच बातमी दिली. तुंगाबाईंनी "अय्यो देवा!" म्हणत देवापाशी साखर ठेवली. "आणि तोंड असं का रे? बाप होणार म्हणून भ्यालास काय?" शेजारीण आली, तिच्यापाठोपाठ आणखी दोघी आल्या. सगळ्या अवनीच्या गालाला हात लावून कन्नडमध्ये काही काही बोलल्या. अवनी हसली.

सांगलीला फोन करून अवनीने दोन्ही गोष्टी सांगितल्या. आई आनंदाने रडली आणि मग रडणं थांबवून म्हणाली, "सांगून टाकलंस? अगं, आता आम्ही काय तोंड दाखवायचं त्यांना?" अवनीने फोन ठेवला.

संध्याकाळी ती गच्चीवर कपडे काढत होती. प्रणेश वर आला आणि कठड्याला टेकून खाली रस्त्याकडे बघत राहिला. तो काही विचारेल म्हणून तिने दोन चादरींच्या घड्या घातल्या. मग स्वतःच सांगायला लागली.

"मी पडले तर डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं. कुशीवर वळवायचं. तोंडात चमचा-बिमचा घालायचा नाही. कांदा, चप्पल काही हुंगवायचं नाही. घट्ट धरून ठेवायचं नाही. बहुतेक वेळा आपोआप थांबतं. पाच मिनिटांत नाही थांबलं, तर दवाखाना."

तो वळला नाही. पण ऐकत होता. मधेच एकदा "कुशीवर" असं स्वतःशी पुटपुटला.

"अवनी, तेवढा वेळ तुला कळतं का? जवळ कोण आहे ते?"

"नाही," ती म्हणाली. "तेव्हा कुणीच नसतं."