आप्पांच्या गाडीवरची हळद

मिस्त्रीच्या अंगणात आप्पा भर उन्हात छत्री उघडत, ती गाडीच्या बॉनेटवर धरण्यासाठी. स्वतः उघड्या डोक्यानं, घामानं निथळत शेजारी उभे राहत. मिस्त्री बॉनेट उघडून आत वाकला की छत्री त्याच्या पाठीवरून पुढे सरके, पण मिस्त्रीसाठी नव्हे. उघड्या बॉनेटच्या कडेला ऊन लागू नये म्हणून. कोणी हसलं की म्हणत, "माझं कातडं जन्मापासनं उन्हात हाय, त्याला सवय हाय. हिच्या रंगाला न्हाई."

सांगलीच्या मार्केट यार्डात आप्पांची हळदीची अडत होती. मी त्यांचा शेजारी. बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालो, म्हणून ते मला रावसाहेब म्हणत. आप्पांना जाऊन आता काही वर्षं झाली. गावात त्यांचा विषय निघाला की गाडीचा निघतो, आणि गाडीचा निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं : "बायकोनं हळद लावली आणि म्हाताऱ्याचं बक्षीस घालवलं." हे खोटं आहे. खोटं आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, आणि तरी मी ते ऐकत लोकांबरोबर चहा पीत आलो. आता माझेही पाय लटपटतात. तेव्हा आप्पांविषयी लिहायला बसलोच आहे तर हे सरळ करूनच उठेन.

गाडी इंग्लिश बनावटीची. लांब नाक, कापडी टप आणि मोजून दोन सीटं. आप्पा आणि वहिनी औंधला यमाईच्या दर्शनाला गेले होते, तेव्हा जवळच्या एका वस्तीवर गोठ्यात ती दिसली. कुणा हौशी मालकानं तरुणपणी घेतलेली. तो गेला, आणि घरच्यांनी तिच्यावर कडबा रचला. ड्रायव्हरच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. सौदा जागेवर झाला, पण वस्तीवरची म्हातारी आडवी आली. "गाडी न्या, पर कोंबडी खुडूक हाय. तिला उठवायची न्हाई." आप्पांनी ऐकलं. पिल्लं निघेपर्यंत ते पुनःपुन्हा औंधला जाऊन अंड्यांची चौकशी करून येत. पुढं कोणी विचारलं की गाडी कुणाकडून घेतली, तर सांगत, "कोंबडीकडनं."

त्याच दर्शनात वहिनींनी देवीला परस्पर शब्द दिला होता : ही गाडी चालू झाली, तर आम्ही दोघं हिच्यातूनच तुझ्या पायाशी येऊ. आप्पांनी मान डोलावली होती. त्या मान डोलावण्याची किंमत वहिनींना पुढं बरीच वर्षं वाट बघून मोजावी लागली.

कारण आप्पांना 'वरिजनल'चं वेड लागलं. नट वरिजनल, दिवा वरिजनल, भोंग्याचं रबरसुद्धा वरिजनल पाहिजे. एका दरवाजाच्या कडीसाठी ते साताऱ्याला, कराडला, पुण्याला भंगारवाल्यांकडे हिंडले. त्यांचा मिस्त्री रज्जाक मूळचा साताऱ्याचा. तो एकदा वैतागून म्हणाला, "आप्पा, ही गाडी दुरुस्त हुईल, पर खूश हुणार न्हाई." डॅशबोर्डचं लाकूड कुजलं होतं, ते मिरजेच्या एका सतार बनवणाऱ्याकडे दिलं. त्यानं इतकं सुरेख पॉलिश केलं की आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यावर टिचकी मारून ऐकवायचे. "षड्ज लागतोय का न्हाई?" मला त्यातलं काही कळत नाही, मी लागतोय म्हणायचो.

एका संध्याकाळी वरिजनलचं व्याख्यान रंगात आलं असताना वहिनी चहा घेऊन आल्या आणि ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या, "आवं, तुमच्यात तरी काय वरिजनल ऱ्हायलंय? दात बशीत, गुडगा मिरजेच्या दवाखान्यातला, डोळ्यातलं भिंग कंपनीचं. देवीनं तुमाला नंबर दिला असता का?" रज्जाकच्या नाकातून चहा आला. आप्पा गंभीरपणे म्हणाले, "मी प्रदर्शनात उभा ऱ्हाणार न्हाई."

ते प्रदर्शन म्हणजे साताऱ्याला भरणारं जुन्या गाड्यांचं प्रदर्शन. तिथं पहिला नंबर मिळवायचा, हे आप्पांचं स्वप्न. त्यासाठी गाडीवर ओरखडा नको, म्हणून गाडी रस्त्यावर नको. इंजिन सुरू झालं होतं, तरी ती अंगणातल्या शेडमध्ये चादरीखाली असायची. कुठं न्यायची झाली तर लॉरीत घालून. वहिनी विचारत, "औंधला कवा?" आप्पा म्हणत, "आदी नंबर, मग देवी." एका वर्षी नंबर गेला, कारण आरसा चुकीच्या सालचा निघाला. पुढच्या वर्षी टपाचं कापड. वहिनी तोवर सत्तरीला टेकल्या. एकदा मला म्हणाल्या, "भावजी, देवी वाट बघंल. तिला काय वय हाय व्हय?"

मग आप्पांनी शेवटचा डाव टाकला. सगळी गाडी खरवडून मूळच्या दुधी रंगात नव्यानं रंगवून घेतली. नवरात्रात रंग पुरा झाला आणि दसऱ्यानंतर लगेच प्रदर्शन होतं. खंडेनवमीला आप्पा सकाळीच यार्डात तराजू-काट्यांच्या पूजेला गेले. जाताना मला शेडपाशी खुर्ची टाकून बसवलं. "रावसाहेब, पूजा लांबनं. म्होरं पाट मांडलाय, नारळ, फुलं समदं त्याच्यावर. गाडीला बोट लागाय नगो. कुणावर भरवसा न्हाई माझा, तुमच्यावर हाय."

मी खरोखर राखण केली. दोन पोरांना आणि एका मांजराला हाकललं. पण बसल्या बसल्या गल्ली दिसत होती. प्रत्येक स्कूटरला झेंडूची माळ, ट्रॅक्टरला ऊस बांधलेला. समोरच्या शिंपिणीनं शिलाईमशीनसुद्धा नटवून दारात ठेवलं होतं. एवढ्यांत आपली ही राणी कोरी, सुतकात असल्यासारखी. आयुष्यभर खात्याच्या रोलरलाही मी खंडेनवमीला हळद-कुंकवावाचून ठेवलं नव्हतं. म्हटलं, एक छोटं स्वस्तिक काढू, आप्पा यायच्या आत ओल्या फडक्यानं पुसून टाकू. देवाचं देवाला आणि आप्पांचं आप्पांना. पाटावरच्या वाटीतली हळद पाण्यात कालवली आणि बोटानं बॉनेटच्या मधोमध स्वस्तिक काढलं. छोटं काढायला गेलो, पण रस्ते आखायची सवय, ते ऐसपैस झालं. तेवढ्यात घरून जेवायला हाक आली. पुरणपोळी होती. पोळीनंतर जे होतं ते झालं. मी झोपलो.

आप्पांच्या ओरडण्यानं जागा झालो. धावत गेलो, तर रज्जाक फडक्यानं घासत होता आणि स्वस्तिक हटत नव्हतं. रंग ताजा, नीट मुरलेला नाही. हळद आत बसली होती. आणि हळद तरी कुणाची? आप्पांच्या अडतीतली, यार्डातली सगळ्यात भारी, जिच्या रंगाची ते गिऱ्हाइकाला हमी देत. "कुणी केलं हे?" आप्पांनी विचारलं. वहिनी आरतीचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी बॉनेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मी."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "रज्जाक, बेसन लावून बघ."

बेसन झालं, लिंबू झालं, दंतमंजन झालं. प्रत्येक उपायानं भोवतालचा रंग उजळला आणि स्वस्तिक जास्तच ठसठशीत दिसू लागलं. तसंच ते साताऱ्याला गेलं. पुण्याहून आलेले परीक्षक चष्मा पुढे करून बॉनेटवर वाकले. म्हणाले, "हे ओरिजिनल आहे का?" आप्पा म्हणाले, "हळद वरिजनल हाय सायेब. राजापुरी." लोक खदखदून हसले. नंबर दुसऱ्याच गाडीला गेला.

घरी आल्यावर आप्पांनी वहिनींशी बोलणं टाकलं. दोघं एकाच खोलीत बसत आणि मधे मी. "रावसाहेब, घरात सांगा, च्या पायजे." "भावजी, सांगा, हातात दिलाय." खरा चोर निरोप्या झाला होता. मी रोज ठरवून जायचो की आज सांगायचं, आणि रोज कुणाचा तरी निरोप पोचवून परत यायचो.

शेवटी वहिनींनीच कोंडी फोडली, तीही माझ्यामार्फत. "भावजी, एवढ्या मोठ्या हळदीच्या व्यापाऱ्याला इचारा, हळद उन्हात टाकली तर काय हुतंय?" आप्पा सवयीनं बोलून गेले, "रंग उडतोय. सावलीत ठेवावी लागती." मग शेडच्या पत्र्याकडे, अंगणातल्या आंब्याकडे, आमच्या अरुंद गल्लीकडे बघत राहिले. आमच्या गल्लीत ऊन म्हणजे पाहुणा, आला तसा जातो. वहिनी भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "औंधच्या वाटंला एक झाड न्हाई."

दुसऱ्या दिवशी टप काढून गाडी निघाली. चाकाखाली लिंबू ठेवायचं धाडस कुणी केलं नाही. आप्पा स्टिअरिंगवर, शेजारी वहिनी, पदर हनुवटीखाली गाठ मारून बांधलेला, डोळ्यांवर आप्पांचा मोतीबिंदूनंतरचा काळा चष्मा. मागून रज्जाकच्या जीपमध्ये हत्यारं आणि मी. तासगावपर्यंत आप्पा बैलगाडीच्या चालीनं गेले. खड्डा आला की थांबून मागं वळून ओरडत, "रावसाहेब, ह्यो तुमच्या काळातला का?" विट्याच्या पुढं मेंढरं आडवी आली. मेंढक्यानं काठी टेकून गाडी पुढून, मागून बघितली.

"मागल्या शिटा कुटं हायत?"

"न्हाईत," आप्पा म्हणाले.

"आन् पोरंबाळं?"

"बंगलोरला."

"आसं सांगा की." आणि बॉनेटकडे काठी करत, "लगीन आत्ताच झालंय व्हय?"

वहिनींना हसू आवरेना. त्यांचं हसणं ऐकून आप्पा हसले, आणि मेंढरं बाजूला होईपर्यंत दोघं हसतच होते. मग गाडी जी सुटली, ती जीपला दिसेना. रज्जाक म्हणाला, "आज खूश हाय." आम्ही औंधला पोचलो तेव्हा दोघं दर्शन घेऊन पायरीवर भेळ खात होते.

स्वस्तिक उन्हाळ्याच्या आत उडालं. पण आप्पांना कोणी ते सांगितलं नाही, किंवा त्यांनी ऐकून घेतलं नाही. "आजून थोडं पिवळं हाय," म्हणत दोघं पाटणला गेले, कोयनानगरचा घाट चढून आले. दुधी रंगावर खडी उडाली, दारावर एका म्हशीनं शिंगाची सही केली. प्रदर्शनाची तारीख आली नि गेली. वरिजनल हा शब्द आमच्या गल्लीतून हळूहळू नाहीसा झाला.

आप्पा झोपेतच गेले. तेराव्याला मंडळी जमली आणि कुणीतरी ते ठरलेलं वाक्य म्हणालंच. मी उठून आत गेलो आणि वहिनींना म्हणालो, "आज मी सगळ्यांना सांगतो." त्या म्हणाल्या, "कुणाला सांगताय? ज्यास्नी सांगायचं, त्यास्नी त्याच दिशी कळलं हुतं. एवढं रुंद बोट माझं हाय व्हय?" मी विचारलं, आप्पांना ठाऊक होतं? "तर वं. मी इचारलं, मग माझ्यावर का रुसलाय? तर म्हणाले, बायकूवर रुसलं तरी ती ताट वाढती. रावसाहेबांवर रुसलो आन् ते यायचं थांबले तर मी बोलू कुणासंगं?"

आणि लोकांना मात्र सांगू नका, असंही वहिनींनी बजावलं. "जन्मात एकदा कुणाचं काय बिगडवल्याचं नाव झालंय, ऱ्हाऊ द्या." म्हणून मी आजवर गप्प. पण रात्री डोळा लागेना, तेव्हा हे लिहून काढलं आणि परवा बंगलोरला मुलाकडे असलेल्या वहिनींना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकलं. मेंढक्यापाशी हसल्या.

"भावजी, हळद तुमी घ्या," त्या म्हणाल्या. "पर एक ऱ्हायलं. पाटणला गाडी कुणी नेली?"

"आप्पांनी."

"औंधाच्या वाटंनंच त्यांचा गुडगा सुजला हुता, मग कुटला वाकतुया? क्लच कोण दाबणार? औंधासनं आल्यावर त्यांनी मला यार्डामागच्या मोकळ्या रानात शिकीवली. गाव संपलं की आमी शिटा बदलायचो."

"आणि कोयनेचा घाट?"

"मीच की."

"मग आप्पा काय करायचे?"

"डोळं मिटून यमाईचं नाव घ्यायचे."

मी लायसनचं विचारलं. "त्यांचं हुतं की," वहिनी म्हणाल्या. "आता ह्ये बी ल्हिवा, आन् नीट ल्हिवा."

म्हणून लिहितो. हळद मी लावली. गाडी वहिनी चालवत होत्या.